मंद हेडलाईट आणि ओहमचा नियम

दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवून झाला की विद्यार्थी जोडतारांचा रोध शून्य धरून गणिते सोडवू लागतात. पुस्तकात ते चालते. बारा व्होल्टच्या मंडलातून दहा अँपिअर धारा वाहू लागली, की मात्र तो 'शून्य' चांगलाच महागात पडतो. जुन्या मोटारीचा हेडलाईट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. फियाट ११०० या इटालियन मोटारीची ही भारतीय आवृत्ती मुंबईत कुर्ल्याला तयार होत असे. मुंबईच्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली, तरी हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजून रस्त्यावर दिसतात. त्यांच्या मालकांची एक ठरलेली तक्रार असते : दिवे पिवळट आणि मिणमिणते आहेत. त्यावर ठरलेला सल्लाही मिळतो : जास्त वॅटचा बल्ब बसवा. हा सल्ला चुकीचा का, ते पाहू.

अशा मोटारीत दिव्यांची सगळी धारा बॅटरीतून निघून डॅशबोर्डामागे जाते, तेथील खटक्यातून अप्पर-डिपरच्या दांड्याकडे वळते आणि पुन्हा पुढे दिव्यांकडे येते. परतीची वाट बहुधा मोटारीच्या पत्र्यातूनच असते. पुढच्या पुढे असलेल्या दिव्यांसाठी वीज चालकाच्या गुडघ्यापर्यंत हेलपाटा घालते म्हणा ना! १ चौ. मिमी छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. पाच मीटर तार धरली तर ०.०८५ ओहम झाला. त्यात काळवंडलेले खटके, सैल झालेल्या जोडण्या आणि गंजलेले अर्थिंग यांची भर घालून एकूण ०.२ ओहम धरू. साठ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर धारा घेतात. म्हणजे १० × ०.२ = २ व्होल्ट वाटेतच खर्च झाले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट असतील, तर बल्बच्या वाट्याला ११.५ व्होल्टच येतात.

पंधरा टक्के घट, फार झाले तर तेवढाच प्रकाश कमी होईल, असे कोणालाही वाटेल. येथेच खरी गंमत आहे. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात न बदलता साधारण १.५५ व्या घाताच्या प्रमाणात बदलते. पण तापमान थोडे जरी उतरले, तरी उत्सर्जनातला दृश्य प्रकाशाचा वाटा झपाट्याने घटतो आणि उरलेली ऊर्जा अवरक्त किरणांत जाते. परिणामी प्रकाश विभवांतराच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. आपल्या उदाहरणात शक्ती ७८ टक्क्यांवर येते, प्रकाश मात्र ५८ टक्क्यांवर! रंग पिवळट दिसतो तोही याच कारणाने.

याचा रस्त्यावर अर्थ काय? व्यस्त वर्गाचा नियम लावला तर प्रकाश ५८ टक्के झाल्यावर तेवढीच दीप्ती मिळण्याचे अंतर ७६ टक्के होते. जो पादचारी ६० मीटरवर दिसला असता, तो आता ४६ मीटरवर दिसेल. ताशी ६० किमी वेगाला हे चौदा मीटर कापायला सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. ब्रेकवर पाय जायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

आता जास्त वॅटचा बल्ब लावून पाहा. शंभर वॅटच्या बल्बमुळे धारा सुमारे दीडपट होते, म्हणून वाटेतली घटही दीडपट होते. तारेत व खटक्यात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गानुसार, म्हणजे दुपटीहून जास्त वाढते. जुन्या खटक्याचे प्लास्टिक वितळते ते यामुळे. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात, ते वेगळेच.

खरा उपाय रिलेचा. १८३५ साली जोसेफ हेन्री यांनी तारेने संदेश दूर पाठवण्यासाठी ज्या युक्तीचा वापर केला, तीच येथे उपयोगी पडते : लहान धारेने मोठ्या धारेचा खटका ओढायचा. जुनी तार कापायची नाही. तिने फक्त रिलेच्या वेटोळ्याला (८५ व ८६ क्रमांकाची टोके) वीज द्यायची. वेटोळ्याला जेमतेम ०.२ अँपिअर लागतात, त्यामुळे त्या ०.२ ओहमवर घट होते ०.०४ व्होल्ट. दिव्यांसाठी मात्र बॅटरीपासून २.५ चौ. मिमीची नवी आखूड तार घेऊन, रिलेच्या ३० व ८७ या टोकांतून ती थेट बल्बकडे न्यायची. अप्पर आणि डिपरला वेगळे रिले लागतात. फ्यूज बॅटरीजवळच हवा, नाहीतर वाटेत कोठे तार पत्र्याला टेकली तर आग लागेल. दोन्ही दिव्यांना एकच फ्यूज देऊ नये. तो रात्री घाटात उडाला तर समोर संपूर्ण अंधार. परतीसाठीही नवी तार घालून ती बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावी. बहुतेक मेस्त्री नेमके हेच विसरतात.

काम करण्याआधी मोजमाप करावे. बल्ब काढून सॉकेटवर मल्टिमीटर लावला तर बॅटरीइतकेच व्होल्ट दिसतात आणि तार निर्दोष वाटते. धारा नाही तर घटही नाही, हा ओहमचाच नियम. म्हणून दिवे चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे बल्बच्या धन टोकाला लावावे. मग ऋण बाजूला तसेच करावे. दोन्ही वाचनांची बेरीज म्हणजे वाटेतली गळती. वर्गात हाच प्रयोग सहा व्होल्टचा बल्ब आणि पंखा-मोटारीतून सोडवलेली पंधरा-वीस मीटर बारीक तार घेऊन सहज करता येतो. खटका उघडा असताना आणि मिटलेला असताना अशी दोन्ही वाचने विद्यार्थ्यांना घ्यायला लावावीत.

रिलेने सगळेच सुधारत नाही. मागे डायनॅमो असलेल्या मोटारीत सिग्नलला इंजिन मंदावले की दिवे मंदावणारच. परावर्तकाचा मुलामा उडाला असेल, तर कितीही व्होल्ट दिले तरी झोत नीट पडणार नाही. आणि हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब बसवला, तर प्रकाशाचा उगम नाभीवरून सरकतो, झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.