व्यायाम करताना डोके का दुखते?



ही गोष्ट आमच्याच घरातली आहे आणि त्यात चूक आमचीच आहे. आमच्या नणंदबाईंना, म्हणजे वन्संना, विचारूनच लिहीत आहोत. त्या म्हणाल्या, "लिही गं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

पेंडल हिलला आमच्या घरी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पाच-सहा बायका व्यायामाला जमतात. सगळ्या सत्तरीच्या पुढे-मागे. वजने नाहीत की मशीन नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे, म्हणजे आपल्या बैठकाच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून दंड. भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, खाली खुर्ची नसताना बसल्यासारखे राहायचे. मग चहा. खरं सांगायचं तर अर्ध्या जणी चहासाठीच येतात.

एका मंगळवारी भिंतीपाशी बसलेल्या वन्सं एकदम उठल्या आणि डोक्याच्या मागे हात धरून म्हणाल्या, "वहिनी, डोकं ठणकायला लागलं." आम्ही सारा जन्म नर्सिंगमध्ये घालवलेला. लगेच म्हणालो, "पाणी कमी प्यायलात. बसा जरा." पाणी दिले, पॅनाडॉल दिली, अर्ध्या तासात बरे वाटले. शुक्रवारी पुन्हा तेच. पुन्हा पॅनाडॉल. तिसऱ्या वेळी त्यांची सून त्यांना न्यायला आली होती. तिने सहज विचारले, "मामी, प्रेशर बघितलंत का?"

मशीन आमच्या कपाटातच होते. प्रेशर निघाले 186 वर 102.

मग एकेक बाहेर आले. पायांना सूज येते म्हणून वन्संनी प्रेशरची गोळी दोन महिन्यांपूर्वी आपल्या मनानेच बंद केली होती. डॉक्टरांना सांगितले नव्हते, मुलाला सांगितले नव्हते. आम्ही विचारले असते तर आम्हाला सांगितले असते, पण आम्ही विचारलेच नाही. वॉर्डात शिकाऊ मुलींना आम्ही नेहमी सांगायचो की आधी चौकशी, मग गोळी. घरच्या माणसाला मात्र चौकशीशिवाय दोनदा गोळी दिली. त्याची आजही लाज वाटते.

त्याच दिवशी त्यांच्या जीपीने त्यांना पाहिले. सत्तरीनंतर अशी डोकेदुखी आयुष्यात पहिल्यांदाच आली म्हणून डोक्याचा स्कॅनही करायला लावला. देवाच्या कृपेने स्कॅन स्वच्छ आला. गोळी बदलून दिली, सूज उतरली, आणि सहा आठवड्यांनी वन्सं परत आमच्याकडे भिंतीपाशी उभ्या राहिल्या. पण त्या सहा आठवड्यांत आम्ही नीट अभ्यास केला. तो थोडक्यात सांगतो.

जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडून धरतो. गच्च झाकण उघडताना बघा, ओठ मिटतात, गाल फुगतात. श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो, रक्तदाब उसळतो आणि डोक्यातले रक्त खाली परतायला अडथळा होतो. किती फरक पडतो? 1995 साली अमेरिकेत दहा तरुण खेळाडूंवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी पायांनी जास्तीत जास्त वजन ढकलले. श्वास कोंडून ढकलले तेव्हा रक्तदाब सरासरी 311 वर 284 झाला. तेच वजन हळूहळू श्वास सोडत ढकलले तेव्हा 198 वर 175. ते पहिलवान गडी होते आणि वजन भारी होते. आपण काही तसले वजन उचलत नाही. पण सत्तरीत खुर्चीवरून उठताना स्वतःचे शरीर हेच मोठे वजन असते.

भिंतीपाशी बसणे किंवा प्लँक म्हणतात तो व्यायाम, म्हणजे न हलता ताठ राहण्याचे प्रकार, यांत प्रेशर जास्त वेळ चढलेले राहते, आणि श्वासही याच वेळी हमखास कोंडला जातो. आम्ही आठवून पाहिले. वन्संचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि चेहरा लाल झाला होता. आम्ही समोर उभे राहून बघत होतो!

माझगावच्या सर एली कदुरी शाळेत आम्हाला ड्रिलचा तास असायचा. सर्व मुली मोठ्याने आकडे म्हणत हातपाय हलवायच्या. तेव्हा वाटे, हा आरडाओरडा शिस्तीसाठी आहे. आता कळते की मोठ्याने मोजणाऱ्याला श्वास कोंडताच येत नाही. आजकाल आमच्या घरातही "एक, दोन, तीन" असा गजर चालतो. शेजारीण एकदा विचारायलाही आली, सगळे ठीक आहे ना! उठताना मोजायचे, म्हणजे श्वास बाहेर. बसताना श्वास आत. भिंतीपाशी दहा आकडेच, मग विश्रांती. कोणी सूर्यनमस्कार घालत असेल आणि त्यात कुंभक शिकलेले असेल, तर प्रेशरवाल्यांनी कुंभक सोडून द्यावा.

श्वासाशिवाय इतरही कारणे असतात. दंड घालताना मान वर ताणली की मानेचे स्नायू आखडतात आणि दुखणे डोक्यात चढते. नजर खाली ठेवावी. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने प्यावे. उन्हाळ्यात तर फारच जपावे. 4 जानेवारी 2020 ला आपल्यापासून जवळच असलेल्या पेनरिथला 48.9 डिग्री झाले होते, हे विसरू नका. उपाशीपोटी आणि चहा न घेता व्यायाम केला तरी काहींचे डोके दुखते. योम किप्पूरच्या संध्याकाळी डोके धरून बसणारे आपल्यात थोडे नाहीत. 1995 साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी हे मोजूनच पाहिले. उपास करणाऱ्यांत 39 टक्क्यांना डोकेदुखी झाली, न करणाऱ्यांत 7 टक्क्यांना.

बरेचदा ही डोकेदुखी निरुपद्रवी असते. जोराचा व्यायाम करताना किंवा नंतर डोके ठणकते आणि दोन दिवसांच्या आत पूर्ण थांबते. उष्ण हवेत आणि उंच डोंगरावर ती जास्त येते. पण निरुपद्रवी आहे हे तपासणीनंतर डॉक्टरांनी म्हणायचे, आपण नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी आली, तर व्यायाम थांबवा, प्रेशर मोजा आणि जीपीला भेटा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा गेल्या काही आठवड्यांत पडून डोक्याला मार लागला असेल, तर अजिबात थांबू नका. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. चालल्यावर किंवा जिना चढल्यावर डोके दुखते आणि बसले की थांबते, असे वारंवार होत असेल, तर क्वचित ते दुखणे डोक्याचे नसून हृदयाचे असते. मधुमेह आणि हृदयविकार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

डोके अचानक, एका मिनिटाच्या आत, आयुष्यात कधी दुखले नाही इतके दुखू लागले, किंवा सोबत उलटी, मान ताठ होणे, दोन-दोन दिसणे, बोबडी वळणे, हात-पाय लुळा पडणे, शुद्ध हरपणे असे काही झाले, तर सरळ 000. मुलगा ऑफिसातून येईल, मग बघू, असे म्हणायचे नाही. घाईचे नसेल पण काळजी वाटत असेल, तर 1800 022 222 या हेल्थडायरेक्टच्या नंबरावर दिवसरात्र नर्स भेटते.

म्हणून व्यायाम सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना 2010 पासून सांगते आहे की पासष्टीपुढच्यांनीही आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. हाडे, तोल, स्वतःच्या हाताने उठणे-बसणे, सगळे त्यावरच आहे. जुनाट आजार असेल तर जीपीकडून आराखडा बनवून घ्या. मेडिकेअरच्या मदतीने वर्षाला पाच भेटींपर्यंत फिजिओ किंवा व्यायामतज्ज्ञाकडे जाता येते.

आता आमच्याकडे नियम झाला आहे. व्यायामाआधी प्रत्येकीचे प्रेशर वहीत लिहायचे, आणि विचारायचे, "गोळी घेतलीत का?" परवा वन्संनी उलट आम्हालाच विचारले, "आणि तू गं?" आमची त्या सकाळची गोळी डबीतच राहिली होती. मुकाट्याने आत जाऊन घेतली.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.