व्यापारी इंग्रजी : आपल्याच कामातून

मराठीतला ‘पर्यंत’ हा शब्द इंग्रजी पत्रात मोठा घोटाळा करतो. ‘पंधरा तारखेपर्यंत माल पाठवू’ असे कळवताना आपण सहज ‘टिल’ लिहितो. वाचणारा समजतो, पंधरा तारखेपर्यंत माल येतच राहील! तेथे ‘बाय’ हवा. एवढ्याशा शब्दावर सौदा अडतो, आणि बोल मात्र आपल्या सचोटीला लागतो.

असा भेद नुसता पाठ करून टिकत नाही. स्वतःचे पत्र लिहिताना तो पक्का बसतो. हाती खरे काम घेऊन ते तडीस नेता नेता शिकावे, हा विचार अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी १९१८ साली मांडला. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनीही उद्योगातून शिक्षणाचाच आग्रह धरला.

आपल्या भंडारा जिल्ह्यात हे कसे करावे? आंधळगावच्या कोसा विणकराने कापडाचा पन्हा, वजन व रंग कळवणारे पत्र लिहावे. तुमसरच्या तांदूळ व्यापाऱ्याने कणीचे प्रमाण व ओलावा कळवावा. पितळेची भांडी करणाऱ्याने पत्र्याची जाडी व घडणावळ. ज्याचा धंदा वेगळा, त्याचा शब्दसंग्रह वेगळा. म्हणून धडाही वेगळा.

मजकूर आधी मराठीत जुळवावा, मग इंग्रजीत लिहून जाणत्याकडून तपासून घ्यावा. चुकांची एक वही ठेवावी. उत्तर आले की पाहावे, गिऱ्हाइकाने पुन्हा काय विचारले? तेवढे आपल्या पत्रात सांगायचे राहिले होते. तोच पुढचा धडा होय.