समस्याधारित अध्ययन पहिल्या वर्षाला झेपेल का?

आधी प्रश्न आणि मग तो सोडवायला लागेल तेवढा धडा, हा समस्याधारित अध्ययनाचा क्रम. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षणात तो रुजवला. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या शिक्षकांनी १९९२ पासून तो पदवीच्या सुरुवातीच्या विज्ञान विषयांत आणला. तरीही पहिल्या वर्षाचा विषय निघाला की ठरावीक आक्षेप येतातच.

गैरसमज : पाया पक्का झाल्याशिवाय समस्या देऊ नये.
वस्तुस्थिती : समस्या सोडवतानाच पाया घातला जातो. डेलावेअरच्या बार्बरा डच यांनी भौतिकशास्त्रासाठी रचलेली एक समस्या पाहा. चौकात दोन गाड्यांची टक्कर झाली आहे. नेमके काय घडले, हे वाहतूक पोलिसाला शोधायचे आहे. कोणती मापे घ्यावी लागतील, हे मुलांनीच आधी ठरवायचे. पुढची माहिती टप्प्याटप्प्याने मिळते. टायर घासल्याच्या खुणांवरून वेग काढायचा तर घर्षण समजून घ्यावे लागते, टक्करीचा हिशेब मांडायचा तर संवेग. सूत्राची गरज आधी पटते, मग ते लक्षात राहते.

गैरसमज : शिक्षकाला काम उरत नाही.
वस्तुस्थिती : व्याख्यान कमी होते, तयारी वाढते. नवख्यांना मार्गदर्शनाशिवाय सोडले तर त्यांचे शिकणे अडते, असा इशारा किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये दिला. तो रास्त आहे. म्हणून पहिल्या वर्षी समस्या लहान हवी, टप्पे आखलेले हवेत आणि अडेल तिथे दहा मिनिटे फळ्यावर समजावून सांगायलाही हवे.

गैरसमज : मोठ्या वर्गात हे जमणार नाही.
वस्तुस्थिती : एकट्या शिक्षकाची दमछाक होते, हे खरे. डेलावेअरमध्ये तोच अभ्यासक्रम आधी पूर्ण केलेले विद्यार्थी गटांना वाट दाखवायला घेतले गेले.

गैरसमज : ‘काहीच शिकवले नाही’ अशी मुलांची तक्रार आली, म्हणजे पद्धत फसली.
वस्तुस्थिती : हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असे वाटत होते. चाचणीत मात्र त्यांना व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळाले. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगावे.

सगळा अभ्यासक्रम एका सत्रात उलथवू नका. एक घटक निवडा आणि परीक्षेतही त्याच धर्तीचा प्रश्न घाला. परीक्षा पाठांतराचीच राहिली, तर मुले पाठांतरच करतील.