पेन्सिलीआधीची बोटं

नरकचतुर्दशीच्या पहाटे वाड्यातलं एखादं तरी पोर उटणं लावून घेताना आकांत मांडतं. बहुतेकांचं रडणं झोपमोडीचं असतं, गरम पाण्याचे दोन तांबे पडले की थांबतं. पण एखाद्याचं थांबत नाही. त्याला शर्टाच्या मानेमागची चिठ्ठी टोचते, न्हाव्याच्या खुर्चीत चौघांनी धरावं लागतं, वरणभात बोटांना लागला की ते हात झाडत बसतं आणि लवंगी माळ वाजली की कानावर हात ठेवून खाटेखाली शिरतं. घरात त्यावर एकच निदान ठरलेलं असतं: लाडावलंय.

प्रत्येक वेळी ते खरं नसतं. त्वचा, कान, डोळे, आणि आपण सहसा मोजत नाही त्या दोन जाणिवा, म्हणजे शरीराचा तोल आणि सांध्यास्नायूंची खबर, या सगळ्यांचा मेंदूत मेळ बसावा लागतो. काही मुलांत तो नीट बसत नाही. आपल्याला जो साधा स्पर्श वाटतो, तो त्यांना चटका वाटतो. जीन एअर्स या अमेरिकन बाईंनी या मुलांकडे नीट पाहिलं आणि १९७२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या.

या शब्दाचं मराठी भाषांतर ‘व्यवसायोपचार’. इतका गैरसमज करून देणारा शब्द क्वचितच सापडेल. तीन वर्षांच्या लेकराला कसला आलाय व्यवसाय? पण ‘ऑक्युपेशन’ म्हणजे इथे दिवस ज्यात जातो ते सगळं. मोठ्या माणसाला नांगर, दुकान, चूल. लहानग्याला खेळणं, घास तोंडापर्यंत नेणं, चड्डी वर ओढणं, दुसऱ्या पोराशी बादलीवरून भांडणं. हीच त्याची कामं. ती अडली की थेरपिस्ट आधी काम बघतो, मग शरीर बघतो. ‘हात किती वर जातो’ यापेक्षा ‘भाकरीचा तुकडा मोडता येतो का’ हा त्याचा प्रश्न.

हे शास्त्र अमेरिकेत १९१७ साली संघटितपणे उभं राहिलं आणि पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे वाढलं. आपल्याकडे ते आणलं एका सासुरवाशिणीनं. एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन मुलगी विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आली आणि कमला निंबकर झाली. पुढे अमेरिकेत जाऊन तिनं या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशियातली ही पहिली शाळा मानतात. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेला तिचंच नाव आहे. माउलींची पालखी ज्या फलटणवरून पंढरपूरला येते ते हे गाव, आणि पंढरपूर ओलांडलं की आमचं मंगळवेढा. रस्ता जुळतो, पण ती विद्या मात्र या रस्त्यानं फारशी पुढे सरकली नाही. तिच्या शिक्षणाची जुनी सार्वजनिक केंद्रं मुंबई-नागपूरलाच राहिली.

तर मंगळवेढ्याच्या एखाद्या आईला या विद्येचा काय उपयोग?

अंगणवाडीपासून सुरुवात करू. साडेतीन वर्षांच्या मुलाला पाटीवर ‘झ’ गिरवायला बसवतात, ते वाकडंतिकडं काढतं, की रट्टा. आता हाताची गंमत बघा. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कुर्चेची, मऊ असतात. वाढत्या वयात एकेक टणक व्हायला लागतं आणि शेवटचं वाटाण्याएवढं हाड तर नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास. बहुतेक मुलं तिसऱ्या वर्षी गोल बघून काढतात, चौथ्याच्या पुढे चौकोन, आणि त्रिकोण पाचव्याच्या आसपास, कारण तिरकी रेघ सगळ्यांत अवघड. ‘झ’मध्ये किती वळणं आणि किती तिरक्या रेघा आहेत, ते एकदा स्वतः डाव्या हातानं काढून बघावं.

शिवाय बोटं एकटी लिहीत नाहीत. पाठ ताठ बसायला पोटाचे स्नायू लागतात, हात स्थिर राहायला खांदा लागतो, खांद्यानंतर मनगट, आणि शेवटी अंगठा व दोन बोटं. खुर्चीत सारखं घसरणारं, डोकं टेबलावर टेकवून लिहिणारं पोर आळशी असेल असं नाही. त्याचं खोडच कमजोर असेल आणि आपण फांदीला ओरडत असू.

म्हणून थेरपिस्टकडे गेलं की आईची निराशा होते. ‘पेन्सिल धरायला शिकवा’ म्हणून आणलं आणि इथे पोराला हातांवर चालवतायत, पाय धरून, ढकलगाडीसारखं. कणीक मळायला देतायत. आणि लिहायला काय दिलं, तर अर्ध्या बोटाएवढी फुटकी पाटीपेन्सिल! नवी कोरी पेटी आईच्या पिशवीत तशीच. पण तुकडा इतका लहान असला की मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. आणि पाटीवर पेन्सिल खरखरते, त्या घासण्यानं बोटांना कळतं आपण कुठे चाललो आहोत. गुळगुळीत काचेवर बोट फिरवून हे कळत नाही. मोबाइलवर अक्षरं गिरवणाऱ्या अॅपांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, ते यामुळेच.

चिमटीची गोष्ट निघाली म्हणून. साधारण नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत बाळाला अंगठा आणि तर्जनीनं कण उचलायला येतो. मग त्या चिमटीला आयुष्यभर काम पुरतं. दिवाळीत तर सगळं घरच तिची तालीम घेतं. रांगोळीची रेघ सोडताना अंगठा बोटांवर घासावा लागतो, तेही सोडणं आणि धरणं यांच्या मधल्या मापानं. किल्ला करताना दगड ओढणं, काळी माती तुडवणं, चिखल थापणं यांत खांद्यापासून पंजापर्यंत सगळं कामाला लागतं. वर अळीव पेरायचं आणि मावळा नेमका बुरुजावर उभा करायचा, म्हणजे बारीक काम. मंगळवेढ्याच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास मालदांडी ज्वारी हिरवी उभी असते. ज्या गावाचं नाव दुष्काळात धान्याचं कोठार खुलं करणाऱ्या दामाजीपंतांमुळे घेतलं जातं, तिथे मुलाच्या हातात जोंधळा येणारच. सुपातले खडे वेचणं, पुढे हुरड्याच्या दिवसांत कणसं चोळणं, आजीसोबत परातीत इवलीशी भाकरी थापणं, ज्यात दोन्ही हातांना वेगवेगळं काम एकाच वेळी करावं लागतं. मात्र चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या तोंडाशी शेंगदाणे, हरभरे नकोत, श्वासनलिकेत अडकतात. आणि जोंधळा नाकात घालायची हौस कुठल्याही पोराला होऊ शकते. जवळ माणूस हवं.

यावर कुणी म्हणेल, मग थेरपिस्ट कशाला, आमची आजी पुरे. धडधाकट मुलाला आजी पुरतेच. अडलेल्या मुलाला पुरत नाही, कारण काम कुठे अडलं आणि त्याची पायरी किती खाली आणायची हे ओळखणं हीच ती विद्या. सदऱ्याचं बटण लावता येत नाही, तर आधी मोठ्या काजाचं मोठं बटण, तेही अंगात न घालता मांडीवर. आधी आईनं अर्धं लावून शेवटचा ओढा मुलाला द्यायचा. काम पुरं झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. मग एकेक पायरी मागे सरकायचं.

आणि काही खुणा आजीला गोड वाटतात, त्याच धोक्याच्या असतात. आठ-दहा महिन्यांचं बाळ खेळण्यासाठी सारखा एकच हात पुढे करतं, दुसऱ्याची मूठ मिटलेली. ‘डावखुरं निघणार बघ.’ वर्षाच्या आत मुलं सहसा हात निवडत नाहीत. त्या वयात एक हात मागे राहणं म्हणजे मेंदूच्या एका बाजूला इजा झालेली असू शकते, आणि ते लवकर कळलं तर चांगला हात काही काळ झाकून मागचा हात कामाला लावण्याचे प्रयोग गुण देतात. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या अशा इजेमुळे हालचाली अडणाऱ्या मुलांबाबत, घरच्यांनी एक ठरावीक काम निवडून रोज केलेला सराव हा चांगला पुरावा असलेला उपाय आहे. अंगाला ब्रश फिरवणं, वजनाचं जाकीट घालणं यांची जाहिरात मोठी, पुरावा मात्र तोकडा. पैसे मोजण्याआधी ‘यानं माझं मूल नेमकं कोणतं काम करू लागेल?’ एवढं विचारावं.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात: दोन आयुष डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता. विकासात मागे पडलेलं मूल ओळखून जिल्ह्याच्या पातळीवरच्या केंद्राकडे पाठवणं हे त्यांचंच काम. त्या दिवशी मूल आजोळी असलं की सहा महिने गेले. अंगणवाडीताईला तारीख विचारून ठेवणं आईला जमण्यासारखं आहे. जिल्ह्याचं ठिकाण सोलापूर इथून पन्नासेक किलोमीटर. आठवड्याला एसटीनं जाऊन येणं म्हणजे एक मजुरी बुडाली. म्हणून चांगला थेरपिस्ट महिन्यातून एकदा बघतो आणि घरी करायच्या दोनच गोष्टी सांगतो. दहा सांगितल्या तर एकही होत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

आणि त्या उटण्याचं? हलका हात नकोच. हलक्या स्पर्शानं अशी मुलं जास्त बिथरतात. तळवा टेकवून, दाबून, एका दिशेनं लावावं. आधी सांगावं: आता पाठ, मग हात, मग संपलं. आणि त्याआधी वाटी त्याच्याच हातात देऊन आजोबांची पाठ पुढे करावी.