उजवाच पाय ना?

सकाळचे सात. बाहेर मृगाचा पाऊस पत्र्यावर कोसळतोय आणि मारुती मंदिराजवळच्या एका खासगी रुग्णालयात मी मागे नाड्या असलेला हिरवा गाऊन घालून कॉटवर बसलोय.

"जेवलात कधी?" सिस्टर विचारतात.

"रात्री दहाला. आमटी-भात."

"पाणी?"

"पहाटे पाचला, दोन घोट."

"ऑपरेशन कुठल्या पायाचं?"

"उजव्या."

थोड्या वेळाने भूलतज्ज्ञ मॅडम येतात. पुन्हा तेच प्रश्न, शिवाय दमा आहे का, दात हलतो का, कुठलं औषध सोसत नाही. मग सर्जन येतात, तेही तेच विचारतात. आईला राहवत नाही. "अहो डॉक्टर, फायलीत लिहिलंय ना सगळं?"

सर्जन हसतात. मार्करने माझ्या उजव्या मांडीवर ठसठशीत बाण काढतात. "आई, फाईल चुकू शकते. पाय त्याचा त्याला माहीत असतो."

पोट रिकामं हवं, कारण भुलेत अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. आणि नाव, पाय, ऑपरेशन हे पुन्हापुन्हा मोठ्याने विचारण्याला तर जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली यादीच करून दिली आहे. भुलेआधी, चिरेआधी आणि टेबलावरून हलवण्याआधी, असं तीनदा सगळं पडताळायचं. कंटाळा येतो, पण माझी अर्धी काळजी त्या कंटाळ्यातच जिरते.

पायातला काळा दोरा सिस्टर काढायला सांगतात. आई गाठ सोडवत बसते, सुटत नाही. शेवटी कात्री येते. दोरा पर्समध्ये ठेवताना ती पुटपुटते, "संध्याकाळी परत बांधू हो, बाबू."

दुखापत हिवाळ्यातली, गावच्या कबड्डी स्पर्धेतली. चढाई करून मागे वळताना पाय मातीत रुतला, अंग फिरलं आणि गुडघ्यात 'कट्' झालं. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं निघालं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारं हे लिगामेंट. ते नसलं तरी सरळ चालता येतं. गर्रकन वळलं की गुडघा सटकतो. काका म्हणतात, त्यांच्या वेळी असल्या ऑपरेशनला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागायचं.

नऊला स्ट्रेचर हलतं. थिएटर गारठलेलं. "कोळंबीसारखा वाक बघू," मॅडम म्हणतात. हनुवटी छातीला, पाठ बाहेर. कमरेत सुई टोचते आणि काही क्षणांत बसल्या जागी ऊब पसरते. पाय जड होतात. स्पिरिटचा बोळा मांडीला लावून मॅडम विचारतात, "गार लागतंय?" लागत नाही. पडद्याआडून एक पिवळट तपकिरी पाय वर उचलला जातो. तो माझाच आहे हे कळायला जरा वेळ लागतो. मांडीला रक्त रोखणारा पट्टा आवळतात. सगळे थांबतात. कुणीतरी मोठ्याने वाचतं: माझं नाव, उजवा गुडघा, अँटिबायोटिक दिलं.

"बघायचंय?" सर्जन विचारतात आणि मॉनिटर माझ्याकडे वळवतात. जेमतेम 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत गेली आहे. 1918 साली टोकियोत केंजी ताकागींनी मूत्राशयाची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, तिथपासून ही विद्या सुरू झाली. आत सलाईन खेळतंय. कूर्चा पांढरीशुभ्र, गुळगुळीत. मधोमध लिगामेंटचा पिंजलेला बुंधा पाण्यात हेलकावे खातोय. इतके महिने याच्याच नावाने मी बोटं मोडत होतो.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला लहानसा छेद देऊन मांडीमागच्या स्नायूंच्या दोन कंडरा काढतात. शेजारच्या टेबलावर सहायक डॉक्टर त्या धुऊन, दुमडून, चौपदरी शिवतात आणि मापाच्या भोकातून ओढून पाहतात. "साडेआठ." म्हणजे मिलिमीटर. मग ड्रिलचा आवाज. दुखत काही नाही, पण हादरा थेट कमरेपर्यंत जाणवतो. हाडांतल्या बोगद्यांतून नवं लिगामेंट वर ओढलं जातं. वर धातूचं बटण, खाली स्क्रू. सर्जन गुडघा वाकवतात, सरळ करतात, नडगी पुढे ओढून बघतात. ती हलत नाही.

दुपारी वॉर्डात. अंगठा हलतो, मग घोटा. आता सगळ्यांचा एकच प्रश्न: "लघवी झाली का?" कमरेतल्या भुलेने ती अडते, म्हणून मामा, मावशी, सिस्टर, सगळे पाळत ठेवून आहेत. एकदाची होते तेव्हा आई शेजारच्या पेशंटच्या बायकोलाही बातमी देते. चारनंतर भूल पुरती उतरते आणि गुडघा ठणकायला लागतो. इंजेक्शन, बर्फ, पायाखाली उशी.

सहाला फिजिओथेरपिस्ट येतात. लांब ब्रेस सोडून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात. "गुडघा खाली दाबा, मांडी आवळा."

मी आवळतो. काही होत नाही. दुखापतीआधी चढाईला धावणारी मांडी हुकूमच घेत नाही. "सुजेमुळे स्नायू झोपतो. उठवायचं काम मात्र तुमचं, माझं नाही." माझा हात मांडीवर ठेवून त्या पुन्हा आवळायला सांगतात. घाम फुटतो. कितव्यांदा तरी वाटी रेसभर वर सरकते. "हं, हेच. तासातासाला दहा वेळा. सकाळी वॉकर."

राउंडला आलेल्या सर्जनना मी विचारतो, "शिमग्याला पालखी नाचवता येईल?"

ते बोटांवर महिने मोजतात. मार्च, म्हणजे नऊ. "दीड-दोन महिन्यांनी दुखणं थांबेल, तेव्हा नवं लिगामेंट सगळ्यात कच्चं असतं. लोक तेव्हाच पळायला जातात आणि परत तोडून घेतात. शिमग्याला पालखी बघायला जा. खांदा पुढच्या वर्षी."

"मी बघत्ये ना, कसा नाचतो ते," आई म्हणते आणि डावा पाय पुढे ओढून त्याला काळा दोरा बांधायला बसते. उजव्याला सध्या बँडेज आहे.