इंटरनेटविना मजकूर : कागद आणि आवाज

इंटरनेट नसतानाही एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर नेता येतो. 'क्यूआरएनकोड' हे मुक्तस्रोत साधन मजकुराचा क्यूआर कोड तयार करते. छापलेला कोड 'झेडबार' वाचते. जपानमधील डेन्सो कंपनीने १९९४ मध्ये आणलेल्या या कोडच्या सर्वांत मोठ्या प्रकारात २,९५३ बाइट मावतात. मात्र यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला १, उर्दू अक्षराला २ आणि देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. काना-वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते. म्हणजे उर्दूची सुमारे १,४७६, तर मराठीची ९८४ चिन्हेच मावतात. चुकीदुरुस्तीची कमाल पातळी ठेवल्यास सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर मिळतो, पण क्षमता १,२७३ बाइटांवर येते. कार्यालयातील कागदांची अवस्था पाहता हा सौदा वाईट नाही.

'मिनिमोडेम' मजकुराचे दोन स्वरांत रूपांतर करते. १,२०० बॉड वेगाला सेकंदाला सुमारे १२० बाइट जातात. मात्र त्यात चुकीदुरुस्ती नसल्याने पंख्याच्या घरघरीतही अक्षर बिघडू शकते. त्यामुळे वर्गात ध्वनिक्षेपकाऐवजी दोन संगणक तारेने जोडणे बरे.

यांपैकी कोणतेही साधन मजकूर गुप्त करत नाही. छापलेल्या कोडमधील विद्यार्थ्याचे गुण कोणताही मोबाइल वाचू शकतो.