पेटी घेण्यापूर्वी फाईल पाहा

हिंगणघाटच्या बाजारात गिऱ्हाईक आधी कापडाचा पोत पाहते, मग भाव विचारते. पेन ड्राइव्हमधले चित्रपट दाखवणारी पेटी घेताना मी हे विसरलो. मुलीच्या निकाहचे चित्रण लावले. चित्र दिसले, आवाज नाही. आवाज डीटीएस पद्धतीचा होता, तो पेटीला उमगत नव्हता. पैसे गेले.

बांधवांनी आधी घरच्या टीव्हीचे यूएसबी पोर्ट वापरून पाहावे. पुष्कळदा पेटी लागतच नाही. एच.२६५ ची फाईल बऱ्याच जुन्या यंत्रांवर चालत नाही. फॅट ३२ ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही. टीव्हीला एचडीएमआय नसेल तर एव्ही जोडणीची पेटी घ्यावी. दुकानात आपलाच ड्राइव्ह न्यावा, चित्र-आवाज तपासूनच पैसे द्यावेत. फिजूलखर्ची टळली, तर तीच बरकत.